एआय वापरले, हे कुठे आणि किती सांगावे?

वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन बाजारपेठांत डिझाइन विकणाऱ्या वाचकांची या वेळची बरीचशी पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात : काम करताना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली, तर ते ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे का, आणि असेल तर कोणत्या शब्दांत सांगावे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. नियम प्रत्येक बाजारपेठेचे वेगळे असतात आणि ते बदलतही राहतात, म्हणून उत्तरांत आलेला नियम फाइल चढवण्यापूर्वी त्या त्या संकेतस्थळावर एकदा वाचून घ्यावा.

प्रश्न : मी चित्रे हाताने काढते, स्कॅन करते आणि संगणकावर रंगवते. डाग पुसणे, पार्श्वभूमी कापणे, चित्र मोठे करणे यांसाठी सॉफ्टवेअरमधल्या एआयच्या सोयी वापरते. कधी कधी रिकामा राहिलेला कोपरा ‘जनरेटिव्ह फिल’ने भरून घेते. एवढ्यासाठी माझ्या चित्रावर एआयचा शिक्का मारावा लागेल का?

उत्तर : आपण सांगितलेली सगळी कामे एका जातीची नाहीत. डाग पुसताना, कडेने पार्श्वभूमी कापताना किंवा रंगांचा समतोल साधताना यंत्र आपण काढलेल्या आकारांवरच काम करते. त्या आकारांत नवे काही येत नाही. जनरेटिव्ह फिल कोपऱ्यात जी पाने, जे ढग किंवा जी नक्षी घालते, ती मात्र आपल्या हातून आलेली नसते. पहिल्या कामांना मदत म्हणता येते, दुसऱ्यात चित्राचा एक भाग यंत्राने निर्माण केलेला असतो, आणि बहुतेक नियम याच सीमेवर उभे आहेत.

ही सीमा सर्वांत स्पष्टपणे आखली आहे ती ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या स्वयंप्रकाशन सेवेने. सप्टेंबर २०२३ पासून तेथे पुस्तक प्रकाशित करताना मजकूर, चित्रे किंवा अनुवाद एआयने निर्माण केलेला आहे का, हे कंपनीला कळवावे लागते, आणि चित्रांत मुखपृष्ठही येते. साधनाने तयार केलेल्या चित्रात नंतर कितीही मोठे बदल केले, तरी ते एआय-निर्मितच मानले जाते. याउलट मूळ काम स्वतः करून ते सुधारण्यासाठी, त्यातील चुका शोधण्यासाठी किंवा केवळ कल्पना सुचण्यासाठी साधन वापरले असेल, तर ते एआय-साहाय्यित ठरते आणि ते कळवण्याची सक्ती नाही. म्हणजे हा नियम श्रम मोजत नाही, आधी काय आले आणि नंतर काय आले हे पाहतो. यंत्राच्या चित्रावर दिवसभर फोटोशॉपमध्ये काम केले की ते आपले झाले, अशी अनेक विक्रेत्यांची समजूत असते. या नियमापुढे ती टिकत नाही.

चित्र मोठे करण्याचे काम या सीमेवर नेमके मधोमध बसते. काही साधने केवळ कडा धारदार करतात. काही मात्र मूळ रेषेत नसलेले केस, धागे, पानांच्या शिरा स्वतःहून भरतात. मूळ स्कॅन आणि मोठी केलेली फाइल पूर्ण आकारात शेजारी ठेवून पाहावी. नवा तपशील डोळ्यांना दिसत असेल, तर तो तपशील निर्माण झालेला आहे, सुधारलेला नाही. याच कारणाने एआयचे चित्र खाली ठेवून त्यावरून व्हेक्टर रेषा (कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या) ओढणारेही माझ्या मते यंत्रनिर्मित रचनाच विकत असतात, कारण काय कुठे असावे हा निर्णय त्यांनी घेतलेला नसतो.

तेव्हा डाग आणि पार्श्वभूमी यांबद्दल काही लिहिण्याची गरज नाही. भरलेला कोपरा जेथे विचारला जातो तेथे सांगावा, आणि इतरत्रही वर्णनात एक वाक्य घालावे. आपण ‘शिक्का’ हा शब्द वापरला आहे, त्यामागची नाराजी समजते. पण फाइलचे रिझोल्यूशन किती, रंग सीएमवायके (छपाईचे) आहेत की आरजीबी (पडद्याचे), हे आपण लिहितोच, आणि त्याच यादीत ही आणखी एक माहिती आहे.

प्रश्न : एकच डिझाइन मी अनेक ठिकाणी विकतो. एका ठिकाणी चौकटीत खूण करावी लागते, दुसरीकडे वर्णनात लिहावे लागते, तिसरीकडे कोणी काही विचारतच नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर द्यायचे का?

उत्तर : पद्धत वेगळी असू शकते, उत्तर वेगळे असू नये. आधी काही मोठ्या बाजारपेठांची स्थिती पाहू.

हस्तनिर्मित वस्तूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या एट्सी या बाजारपेठेने जुलै २०२४ मध्ये नवे निकष लागू करून वस्तूंचे चार गट पाडले : विक्रेत्याने बनवलेल्या, विक्रेत्याने डिझाइन केलेल्या, विक्रेत्याने निवडून आणलेल्या आणि विक्रेत्याने पुरवलेल्या, म्हणजे इतरांच्या निर्मितीसाठी लागणाऱ्या साहित्याच्या. एआयच्या साहाय्याने केलेली कामे तेथे ‘डिझाइन केलेल्या’ गटात विकता येतात, पण एआयचा वापर लिस्टिंगच्या, म्हणजे विक्रीसाठी मांडलेल्या वस्तूच्या पानाच्या, वर्णनात सांगावा लागतो. नुसत्या प्रॉम्प्टचे, म्हणजे साधनाला दिल्या जाणाऱ्या लेखी सूचनांचे, संच मात्र तेथे विकता येत नाहीत. प्रॉम्प्ट हा निर्मितीचा भाग आहे, तो तयार चित्रापासून तोडून विकू नये, अशी त्यामागची भूमिका आहे.

ॲडोबी स्टॉक ही तयार चित्रे पुरवणारी सेवा डिसेंबर २०२२ पासून एआय-निर्मित चित्रे स्वीकारते. फाइल चढवताना ती जनरेटिव्ह एआयने बनवली आहे, अशी खूण करावी लागते. चित्रातील माणसे किंवा वास्तू काल्पनिक असतील तर तेही वेगळे नोंदवावे लागते. ग्राहकाला शोध घेताना अशी चित्रे वगळण्याची सोय असते, म्हणजे तेथील खूण केवळ कार्यालयीन नोंद म्हणून राहत नाही, तर आपले चित्र कोणाला दिसेल हेही ठरवते. अशाच सेवांपैकी गेटी इमेजेसने सप्टेंबर २०२२ मध्येच एआय-निर्मित चित्रे घेणे बंद केले. शटरस्टॉकही योगदानकर्त्यांकडून, म्हणजे चित्रे पुरवणाऱ्यांकडून, ती स्वीकारत नाही. (तीच शटरस्टॉक ग्राहकांना स्वतःचे चित्रनिर्मितीचे साधन देते, यावर योगदानकर्त्यांनी पुरेसे बोलून झाले आहे.) अशा ठिकाणी प्रश्न सांगण्या-न सांगण्याचा उरतच नाही, तेथे ती फाइल चढवायची नाही.

‘कोणी विचारत नाही’ अशा तिसऱ्या ठिकाणांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो. आपले डिझाइन विकत घेणारा बहुधा शेवटचा ग्राहक नसतो. तो ते मुखपृष्ठावर छापतो, खेळात वापरतो, पाकिटावर लावतो. मुखपृष्ठ वापरणाऱ्या लेखकाला किंडलच्या त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. स्टीम या खेळांच्या बाजारपेठेत जानेवारी २०२४ पासून खेळ बनवणाऱ्याला त्यात वापरलेल्या एआय-निर्मित सामग्रीची माहिती द्यावी लागते आणि ती खेळाच्या पानावर दिसते. आपण विकलेला चिन्हांचा संच घेऊन त्याने ‘आम्ही एआय वापरलेले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले आणि ते खोटे निघाले, तर बोल त्याला लागतो, कारण आपल्याकडून आलेली माहितीच अपुरी होती. म्हणून जेथे नियम नाही तेथेही माहिती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहारात एक साधी सवय उपयोगी पडते. प्रत्येक डिझाइनच्या फोल्डरमध्ये एक छोटी मजकूर-फाइल ठेवावी आणि तीत वापरलेले साधन, त्याची आवृत्ती, तारीख, यंत्राने काय निर्माण केले आणि आपण काय केले, एवढे लिहावे. मग चौकट असो की वर्णन, दोन्ही त्याच नोंदीवरून भरता येतात आणि निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे दावे होत नाहीत.

प्रश्न : खरे सांगायचे तर भीती विक्रीची आहे. ‘एआय’ हा शब्द दिसला की ग्राहक पुढे जातो. वर्णनाच्या तळाशी एक ओळ टाकली तर चालेल का? आणि लिहायचे तर नेमके काय?

उत्तर : भीती निराधार नाही. काही ग्राहक अशी चित्रे मुळातच टाळतात आणि ते आपल्या लिस्टिंगवरून निघून जातील. पण खरेदीनंतर ज्याला हे कळले असते आणि ज्याने पैसे परत मागून एक तारा दिला असता, तोही त्यांच्यातलाच आहे. तो आधीच निघून गेला तर विक्रेत्याचे फारसे नुकसान होत नाही.

तळाच्या ओळीने नियमाची भाषा पाळली जाईल, हेतू पाळला जाणार नाही. मोबाइलच्या पडद्यावर वर्णनाचा सुरुवातीचा भागच दिसतो आणि उरलेला उघडण्याचे कष्ट थोडेच ग्राहक घेतात. ती ओळ अगदी शीर्षकात हवी असेही नाही. फाइलचा प्रकार, आकार आणि परवाना जेथे लिहितो, त्याच परिच्छेदात ती यावी, म्हणजे विकत घेण्याचा निर्णय करणाऱ्याच्या नजरेस ती आपोआप पडेल.

शब्दांबाबत माझा एकच आग्रह आहे : यंत्राने काय केले आणि आपण काय केले, हे दोन्ही यावे. उदाहरणादाखल काही वाक्ये देतो. ती आपापल्या कामाप्रमाणे बदलून घ्यावीत.

‘हे चित्र हाताने काढून स्कॅन केलेले आहे; पार्श्वभूमीतील ढग एआय साधनाने निर्माण केलेले आहेत.’

‘फुलांच्या मूळ आकृती एआय साधनाने निर्माण केल्या आहेत, त्यांची निवड, रंगसंगती, पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीची जुळणी आणि व्हेक्टर रूपांतर मी केले आहे.’

‘संपूर्ण प्रतिमा एआय साधनाने निर्माण केलेली आहे; मी केवळ रंग आणि छपाईचा आकार दुरुस्त केला आहे.’

तिसरे वाक्य लिहिणे विक्रेत्यांना सर्वांत जड जाते. पण ते लिहिताना हात अडखळत असेल, तर शोध त्या वाक्यातल्या दोषाचा न घेता त्या मालाची किंमत आणि त्याबद्दलचे इतर दावे यांचा घ्यावा. बहुधा तेच फुगलेले असतात.

‘आधुनिक डिजिटल तंत्राने साकारलेले’, ‘एआयच्या प्रेरणेने’, ‘मानवी कल्पकता आणि तंत्रज्ञान यांचा संगम’ अशा वाक्यांतून काहीच कळत नाही, आणि ती वाचणाऱ्याला काहीतरी लपवले जात असल्याचा संशय मात्र येतो. टॅगही तपासून पाहावेत. वर्णनात एआयचा उल्लेख आणि टॅगांमध्ये ‘हाताने रंगवलेले’ अशी लिस्टिंग अनेकदा दिसतात. जुनी लिस्टिंग नक्कल करून नवी बनवताना टॅग तसेच राहून जातात, हे त्याचे साधे कारण. ‘जलरंग’ या टॅगचेही तेच. कागदावर पाणी लागलेच नसेल, तर ‘जलरंगाच्या शैलीतील’ असे लिहावे.

प्रश्न : एका ग्राहकाला माझे एआयने बनवलेले चित्र बोधचिन्हासाठी हवे आहे. त्याला ‘संपूर्ण आणि एकमेव हक्क’ पाहिजेत व त्यासाठी तो जास्त पैसे द्यायला तयार आहे. चित्र एआयचे आहे हे लिस्टिंगमध्ये लिहिलेले आहेच. मग हक्क विकायला हरकत काय?

उत्तर : हरकत अशी, की जो हक्क आपल्याकडे असल्याची खात्री नाही तो आपण विकायला निघाला आहात. जाहीर करण्याच्या साऱ्या चर्चेत हा भाग सर्वांत कमी बोलला जातो आणि माझ्या मते तोच गाभा आहे. ग्राहक पैसे मोजतो ते पिक्सेलांबरोबर येणाऱ्या हक्कांसाठी, आणि ते हक्क किती आहेत हे निर्मिती कशी झाली यावर ठरते.

अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका गेल्या काही वर्षांत बरीच स्पष्ट झाली आहे. मिडजर्नी या एआय चित्रनिर्मितीच्या साधनाच्या चित्रांनी सजलेल्या एका चित्रकथेबाबत त्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवले की मजकूर आणि चित्रांची निवड-मांडणी लेखिकेची असल्याने त्यांना संरक्षण मिळेल, सुट्या चित्रांना मिळणार नाही. मार्च २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीच्या अर्जात एआय-निर्मित भाग नगण्य नसेल तर तो जाहीर करावा लागतो, म्हणजे ही जबाबदारी केवळ बाजारपेठांनी लादलेली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका पुरस्कारप्राप्त चित्राची नोंदणी नाकारली गेली. त्याच्या कर्त्याने किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट दिल्याचे सांगितले होते, पण यंत्रनिर्मित भागावरचा दावा सोडायला तो तयार नव्हता. जानेवारी २०२५ च्या अहवालात कार्यालयाने म्हटले की सध्याच्या साधनांत केवळ प्रॉम्प्टमुळे माणसाचे निर्मितीवर पुरेसे नियंत्रण राहत नाही. मात्र माणसाने स्वतः केलेली रचना, मांडणी किंवा बदल यांपुरते संरक्षण मिळू शकते. मार्च २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयानेही कॉपीराइटसाठी कर्ता माणूसच हवा, असा निकाल दिला.

सगळीकडे हेच चित्र आहे असे नाही. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एका एआय-निर्मित चित्रावर ते बनवणाऱ्याचा कॉपीराइट मान्य केला. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात तर संगणकनिर्मित कृतीसाठी, ती निर्माण होण्याची व्यवस्था करणाऱ्याला कर्ता मानण्याची तरतूद पूर्वीपासून आहे. आपला ग्राहक कोणत्या देशात व्यवसाय करतो त्यावर उत्तर बदलेल, आणि नेमके म्हणूनच ‘एकमेव हक्क’ असे बिनशर्त वचन देणे धोक्याचे आहे.

याखेरीज साधनाच्या अटी असतात. मिडजर्नीवर बनवलेली चित्रे सर्वसाधारणपणे इतरांना दिसतात. ती झाकण्याची सोय वरच्या दरांच्या योजनांतच मिळते. आपण ज्याला ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून विकू पाहत आहात, ते चित्र अगोदरच अनोळखी लोकांसमोर असू शकते, आणि तसाच प्रॉम्प्ट देऊन कोणी त्याच्यासारखेच दुसरे काढलेलेही असू शकते.

ग्राहकाला लेखी सांगावे, की प्रतिमा एआय-निर्मित असल्याने तिच्यावर कॉपीराइट मिळेल याची हमी देता येत नाही, पण मी ती इतर कोणालाही पुन्हा विकणार नाही. एवढे वचन आपण खरोखर पाळू शकता आणि त्याचे पैसेही घेऊ शकता. बोधचिन्ह म्हणून त्याची खरी ढाल ट्रेडमार्कची असेल. ट्रेडमार्कसाठी ते चिन्ह माणसाने काढले का हा कळीचा प्रश्न नसतो, ते व्यापारात त्याची ओळख पटवते का हा असतो. तो सल्ला मात्र त्याने आपल्या वकिलाकडून घ्यावा. त्याला कॉपीराइटही हवाच असेल, तर यंत्राचे चित्र केवळ कल्पना म्हणून बाजूला ठेवून बोधचिन्ह पहिल्या रेषेपासून स्वतः काढून द्यावे आणि त्याप्रमाणे मोबदला मागावा. मी आपल्या जागी असतो तर हाच मार्ग धरला असता.

प्रश्न : प्रॉम्प्टमध्ये एका हयात चित्रकाराचे नाव घालून त्याच्या शैलीतील चित्रे बनवतो. एआय वापरल्याचे स्पष्ट लिहितो. मग अडचण येणार नाही ना?

उत्तर : येऊ शकते. जाहीर केल्याने आपण ग्राहकाशी खरे वागता. ज्याच्या कामावर आपण उभे आहात त्याच्याशी असलेला हिशेब त्याने मिटत नाही. शैलीला एरवी कॉपीराइटचे संरक्षण नसते हे खरे, परंतु बाजारपेठा कायद्यापेक्षा कडक असू शकतात. ॲडोबी स्टॉकवर कलाकारांची, खऱ्या प्रसिद्ध व्यक्तींची आणि काल्पनिक पात्रांची नावे प्रॉम्प्टमध्ये वापरून केलेली चित्रे देता येत नाहीत. शीर्षक आणि कीवर्डमध्येही ती चालत नाहीत. पात्रांच्या बाबतीत धोका अधिक थेट आहे. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी मिडजर्नीवरच दावा लावला, तो आपापल्या पात्रांच्या प्रतिमांवरून. ओळखू येणारे पात्र छापून विकणाऱ्याला ‘एआयने काढले’ हे वाक्य कोणतेही संरक्षण देत नाही. चित्रकाराचे नाव प्रॉम्प्टमधून काढावे आणि लिस्टिंगमधून तर आधी काढावे, कारण तेथे ते दुसऱ्याच्या नावावर गिऱ्हाईक ओढण्यासारखे होते.

प्रश्न : माझी सर्व चित्रे मी टॅबलेटवर स्वतः काढते. तरी एका ग्राहकाने ‘हे एआयचे आहे’ असा शेरा लिहिला आणि बाजारपेठेकडे तक्रारही केली. हे खोटे कसे सिद्ध करावे?

उत्तर : न केलेली गोष्ट सिद्ध करता येत नाही, केलेली दाखवता येते. लेयर (चित्राचे एकावर एक रचलेले थर) असलेली मूळ फाइल, कच्ची रेखाटने, चित्र काढताना झालेले पडद्याचे चित्रीकरण (अनेक चित्रकलेच्या ॲपमध्ये ते आपोआप होते) आणि निरनिराळ्या तारखांच्या आवृत्त्या बाजारपेठेला पाठवाव्यात. ग्राहकाला मूळ फाइल पाठवू नये. लेयर दिसतील असा पडद्याचा एखादा फोटो त्याच्यासाठी पुरे.

एआय ओळखून देतो म्हणणाऱ्या संकेतस्थळांचा निकाल पुरावा म्हणून जोडण्याच्या फंदात पडू नये, तो आपल्या बाजूचा असला तरी. त्यांचे अंदाज चुकतात, आणि आज आपण त्यांना प्रमाण मानले तर उद्या तेच विरुद्ध निकाल देतील तेव्हा बोलायला जागा राहणार नाही.

यापेक्षा भरवशाचा प्रयत्न म्हणजे फाइलमध्येच निर्मितीचा इतिहास नोंदवणारी ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ ही पद्धत. ॲडोबीने २०१९ मध्ये यासाठी पुढाकार घेतला आणि २०२१ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून त्याचे सामाईक मानक ठरवण्यास सुरुवात केली. तिच्याही मर्यादा आहेत. पडद्याचा फोटो काढला की ही नोंद उरत नाही, आणि अनेक संकेतस्थळे फाइल चढवताना ती पुसून टाकतात. शिवाय नोंद नाही म्हणजे एआय नाही, असाही अर्थ काढता येत नाही. तरी स्वतःच्या संग्रहातील मूळ फाइलमध्ये ती असणे वादाच्या वेळी उपयोगी पडते.

‘यात एआय अजिबात नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा मोह होईल. ते लिहिण्यापूर्वी आपला ब्रश, आपले रंग भरण्याचे साधन, आपली चित्र मोठे करण्याची सोय यांत काय दडले आहे ते पाहावे. ‘सर्व रेखाटन आणि रंगकाम मी स्वतः केले आहे’ हे वाक्य अधिक अचूक आहे आणि कोणत्याही तपासणीला ते पुरून उरेल.

प्रश्न : टी-शर्टवरचे डिझाइन माझेच आहे, फक्त तो घातलेली मॉडेल एआयची आहे. हेही सांगायचे का?

उत्तर : होय. डिझाइन हाताने केलेले असले तरी ग्राहक कापडाची पडण, छपाईचा आकार आणि रंग यांचा अंदाज त्या चित्रावरूनच घेतो, आणि ते कापड तर अस्तित्वातच नाही. ‘मॉडेल आणि दृश्य एआय-निर्मित आहे, प्रत्यक्ष शर्टाचा फोटो तिसऱ्या क्रमांकावर पाहा’ एवढे लिहावे, आणि तिसऱ्या क्रमांकावर खरोखरच प्रत्यक्ष शर्टाचा फोटो ठेवावा. एआय साधने अशा चित्रांत छपाईचे बारीक तपशील गुपचूप बदलतात. आपलेच डिझाइन मूळ फाइलशी एकदा ताडून पाहा. अक्षरे असतील तर नक्कीच.

प्रश्न : मी स्वतः काढत नाही, इतर डिझाइनरांकडून करून घेऊन माझ्या दुकानात विकतो. त्यांनी एआय वापरले की नाही हे मला कळत नाही. जबाबदारी कोणाची?

उत्तर : बाजारपेठेपुरती जबाबदारी खाते ज्याचे त्याची, म्हणजे आपली. काम देतानाच लेखी विचारावे : कोणते साधन वापरले, कोणत्या भागासाठी, आणि त्या साधनाच्या अटी व्यावसायिक विक्रीला परवानगी देतात का. लेयरसह फाइल मागावी. ‘एआय चालणार नाही’ अशी सरसकट अट घालण्याने बहुधा लपवाछपवीच वाढते. ‘वापरले तर सांगा, दर त्याप्रमाणे ठरवू’ ही अट जास्त खरी उत्तरे मिळवून देते. उत्तर मिळाले नाही, तर ते डिझाइन हस्तनिर्मित म्हणून विकू नये.

प्रश्न : हे नियम येण्यापूर्वीची शेकडो लिस्टिंग तशीच पडून आहेत. ती सर्व बदलावी लागतील का?

उत्तर : बाजारपेठेनुसार उत्तर वेगळे आहे. किंडलवर नवे पुस्तक प्रकाशित करताना, किंवा जुन्यात बदल करून ते पुन्हा प्रकाशित करताना, हा प्रश्न समोर येतो. एट्सीसारख्या ठिकाणी मात्र लिस्टिंग चालू आहे तोवर ती आजच्या नियमांत बसणे अपेक्षित असते. एका बैठकीत सर्व होणार नाही, म्हणून क्रम लावावा. ज्यांच्या वर्णनात किंवा टॅगांत ‘हाताने काढलेले’ असा आता खोटा ठरणारा दावा आहे, ती आधी दुरुस्त करावीत. त्यानंतर व्यावसायिक वापराच्या परवान्यासह विकली जाणारी, कारण ती दुसऱ्याच्या उत्पादनात जातात. मग सर्वाधिक खपणारी. वर्षानुवर्षे एकदाही न विकलेली लिस्टिंग सुधारत बसण्यापेक्षा ती काढून टाकलेली बरी. आणि जुन्या चित्राबद्दल एआय वापरले होते की नाही हे आता आठवतच नसेल, तर फाइलची तारीख आणि लेयर पाहावेत. त्यावरूनही उलगडा झाला नाही, तर ‘निर्मितीत एआय साधनाचा वापर झालेला असू शकतो’ असे लिहून मोकळे व्हावे.